बारा किताबांचं गाव

मार्गारिटा म्हटलं की मला आधी पिझ्झा आठवतो. रिलीजच्या आदल्या रात्री ऑफिसात थांबायची वेळ आली की मॅनेजरच्या कृपेने जो येतो, तो. पण मार्गारिटा नावाचं एक बेटही आहे. ते व्हेनेझुएलाच्या उत्तर किनाऱ्यासमोर कॅरिबियन समुद्रात आहे आणि तिथल्या एका छोट्याशा कोळ्यांच्या गावातून एका खेळाचे बारा जागतिक किताब आलेत. हे मला अशाच एका रात्री कळलं. बिल्ड चालू होतं, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि मित्राने पाठवलेल्या व्हिडिओत एक पोरगा शीड लावलेल्या फळीवर उभा राहून पाण्यावर काहीतरी अचाट करत होता. मी ते तीनदा पाहिलं. तीनदा पाहूनही नक्की काय झालं ते कळलं नाही. फळी हवेत गेली, गोल फिरली, उलटी पाण्यावर उतरली, घसरत घसरत पुन्हा फिरली आणि हा पठ्ठ्या काहीच न झाल्यासारखा पुढे निघून गेला.

त्या पोराचं नाव होसे एस्त्रेदो. पण त्या जगात त्याला सगळे 'गोयितो' म्हणतात. स्पेलिंगमध्ये दोन 'एल' आहेत, त्यामुळे आपण बिनधास्त 'गोलितो' वाचतो, पण स्पॅनिशमध्ये दोन एलचा उच्चार 'य' होतो. शेवटचं 'इतो' म्हणजे लहानगा, छोटू. आपल्याकडे कसं, पन्नाशीच्या माणसालाही गल्लीत 'छोट्या' म्हणतात, तसंच.

तर आजची ही गोष्ट छोटूची.

आधी एक कबुली. कॅरिबियन म्हणजे माझ्या लेखी कायम वेस्ट इंडीज. सोबर्स, रिचर्ड्स, लारा. त्या समुद्राच्या दक्षिण टोकाला अशीही बेटं आहेत जिथे क्रिकेटच्या बॅटचा उपयोग कपडे धुवायला करतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता. व्हेनेझुएला हा बेसबॉलवेडा देश. शेजारची अरुबा, बोनेअर आणि कुरासाव ही डच बेटं. इथे स्पॅनिश, पापियामेंतो आणि डच बोलतात. आणि इथे वारा वाहतो. नुसता वाहत नाही, महिनोन् महिने एकाच दिशेने वाहतो.

शाळेतला भूगोल आठवतोय का? 'व्यापारी वारे' नावाचा धडा? मी तो दोन मार्कांसाठी पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला ईशान्येकडून नैऋत्येकडे वाहणारे, भरवशाचे वारे. याच वाऱ्यांच्या जिवावर कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला. १४९८ साली आपल्या तिसऱ्या सफरीत त्याला हे बेट दिसलं. मार्गारिटा या नावाच्या मुळाशी 'मोती' आहे, आणि मोती खरोखरच होते. शेजारच्या कुबाग्वा नावाच्या ओसाड बेटावर स्पॅनिश लोकांनी मोत्यांसाठी नुएव्हा कादिझ हे शहर वसवलं. स्थानिक लोकांना आणि बहामा बेटांवरून पकडून आणलेल्या लुकायन लोकांना गुलाम करून समुद्रात बुड्या मारायला लावलं. बार्तोलोमे दे लास कासास या पाद्रीने त्या पाणबुड्यांच्या हालांबद्दल लिहून ठेवलंय. काही दशकांत शिंपल्यांचे थर ओरबाडून संपले, १५४० च्या दशकाच्या सुरुवातीला शहर उजाड झालं आणि मालक लोक पुढे निघून गेले. आज तिथे फक्त अवशेष आहेत.

हे एवढं का सांगतोय? कारण बाहेरून पैसा येतो, काहीतरी उभं राहतं, पैसा आटला की लोक निघून जातात, हा त्या समुद्रातला जुना पॅटर्न आहे. गोष्टीच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे. लक्षात ठेवा.

आता विंडसर्फिंग. फळीवर शीड लावून वाऱ्यावर जायचं, एवढंच. मी स्वतः हे एकदा करून पाहिलंय, गोव्यात, ऑफिसच्या ट्रिपमध्ये. एका तासाचे पैसे भरले आणि त्यातली पन्नास मिनिटं पाण्यात होतो. फळीवर उभं राहायचं, दोरी ओढून पाण्यात पडलेलं शीड उचलायचं, ते उचललं जातंय असं वाटेपर्यंत वारा त्यात भरतो आणि तुम्ही पलीकडे पाण्यात. पुन्हा चढा, पुन्हा ओढा. शिकवणारा मुलगा दर वेळी शांतपणे म्हणायचा, "सर, पाठ सरळ." दुसऱ्या दिवशी पाठ सरळच होती, कारण वाकतच नव्हती.

पण त्या तासाभरात यंत्राची गंमत कळली. साध्या होडीत डोलकाठी घट्ट बसवलेली असते आणि होडी वळवायला मागे सुकाणू असतं. इथे सुकाणूच नाही. डोलकाठी एका सगळीकडे फिरणाऱ्या सांध्यावर बसवलेली असते, त्यामुळे ती कुठेही झुकते. तुम्ही शीड पुढे झुकवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवलं की वाऱ्याकडे वळते. म्हणजे सुकाणू म्हणजे तुमचं शरीर. ज्याने हा सांधा शोधला त्याला मानलं पाहिजे.

पण तो नक्की कोणी शोधला, यावर रीतसर भांडणं झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या न्यूमन डार्बीने १९६४ साली शीड लावलेली फळी बनवली आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये 'पॉप्युलर सायन्स' मासिकात त्यावर लेख लिहिला. पेटंट मात्र घेतलं नाही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात जिम ड्रेक या विमानक्षेत्रातल्या इंजिनियरने आपली फळी पाण्यात उतरवली आणि त्याचा मित्र हॉइल श्वाइट्झरबरोबर १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. हा श्वाइट्झर कॉम्प्युटर व्यवसायातला. (बघा, आपल्यातला निघाला.) १९७० साली पेटंट मिळालं आणि पुढे ड्रेकने आपला अर्धा वाटा ३६,००० डॉलरला श्वाइट्झरला विकून टाकला. स्टार्टअपमधले शेअर लवकर विकून नंतर कपाळाला हात लावणारे मित्र तुम्हालाही असतीलच. मग १९८५ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टात वेगळंच प्रकरण निघालं. पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलाने १९५८ सालीच, वयाच्या बाराव्या वर्षी, हेलिंग आयलंडवर असलाच प्रकार बनवून चालवला होता. कोर्टाने तो पुरावा धरला आणि तिकडचं पेटंट रद्द ठरवलं. बारा वर्षांच्या पोराने खेळताना केलेली गोष्ट एका पेटंटला पुरून उरली. आपल्या गोष्टीला हे शोभून दिसतं.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकात युरोपात या खेळाचं अक्षरशः वेड होतं. १९७६ मध्ये बहामातल्या जागतिक स्पर्धेत रॉबी नेश हा १३ वर्षांचा अमेरिकन मुलगा जिंकला आणि खेळाला पहिला स्टार मिळाला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आलं. युरोपात उन्हाळा चार महिन्यांचा, म्हणून जर्मन, डच, इंग्लिश लोक उरलेल्या वर्षात वारा शोधत फिरायला लागले. भरवशाचा वारा, गरम पाणी, स्वस्त राहणं. त्यांना मार्गारिटा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एल याके सापडलं.

एल याके हे कोळ्यांचं गाव. किनाऱ्याचं तोंड दक्षिणेला आणि वारा पूर्वेकडून, म्हणजे किनाऱ्याला जवळपास समांतर. समोर कोचे नावाचं बेट. समुद्रात बरंच आत गेलं तरी पाणी कमरेइतकंच, आणि लाटा फारशा नाहीत. बेटाचा विमानतळ अगदी जवळ. विंडसर्फरला यापेक्षा जास्त काही नको असतं. हॉटेलं आली, फळ्या-शिडं भाड्याने देणारी केंद्रं आली, आणि केंद्रांबरोबर गावातल्या पोरांच्या हाताला सामान लागलं.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. विंडसर्फिंग हा गरिबाचा खेळ नाही. फुटबॉलला एक बॉल पुरतो, आपल्या गल्ली क्रिकेटला फळकूट. इथे फळी, डोलकाठी, बूम आणि वेगवेगळ्या वाऱ्यासाठी वेगवेगळी शिडं लागतात. कोळ्याच्या पोराला हे विकत घेणं शक्यच नाही. पण भाड्याचं केंद्र असलं की चित्र बदलतं. सामान उचलायला, धुवायला, रचायला हात लागतात. दुपारी पाहुणे जेवायला गेले की फळ्या रिकाम्या असतात. हंगाम संपला की जुनं सामान स्वस्तात निघतं. अशा किनाऱ्यांवरची पोरं अशीच शिकतात. एल याकेत शिकली, बोनेअरमध्ये शिकली.

आणि शिकायला यापेक्षा बरी प्रयोगशाळा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड बदलला, कंपाइल केला आणि दोन सेकंदांत रिझल्ट समोर. खोल समुद्रात पडलात तर शीड पाण्यातून उचलून पुन्हा सुरू व्हायला वेळ जातो, दम जातो. एल याकेत पडलात तर उभे राहा, शीड उचला, निघा. दुसऱ्या पोराला एका तासात दहा प्रयत्न मिळत असतील तर इथल्या पोराला कितीतरी जास्त. हे वर्षाचे बरेच महिने, रोज. असं दहा वर्षं केल्यावर काय होईल?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी खेळातच एक बदल झाला आणि तो या पोरांच्या पथ्यावर पडला. फळ्या आखूड आणि रुंद झाल्या आणि 'फ्रीस्टाइल' नावाचा नवा प्रकार उभा राहिला. यात शर्यत नाही. ठरलेल्या काही मिनिटांत दोन खेळाडू पाण्यात उतरतात, कसरती करतात आणि पंच गुण देतात. कसरती एकाच दिशेने जाताना करून भागत नाही. जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी कराव्या लागतात. म्हणजे उजव्या हाताने जे जमतं ते डाव्यानेही जमलं पाहिजे. मूळ कसरतीचं नाव 'व्हल्कन'. उडी मारायची, हवेतच हात बूमच्या दुसऱ्या बाजूला न्यायचे, फळी १८० अंशांत फिरवून उलटी उतरवायची आणि मागे घसरत जायचं. त्यातच आणखी एक पूर्ण फेरी जोडली की झाला 'स्पॉक'. नावं ठेवणारे 'स्टार ट्रेक' बघत होते हे उघड आहे. विंडसर्फरही शेवटी आपल्यासारखेच, काय!

सपाट पाणी, भरपूर वारा, अगणित प्रयत्न. फ्रीस्टाइल जणू एल याकेसाठीच बनवलं होतं.

पहिला स्फोट रिकार्दो कांपेयोने केला. हा जन्माने ब्राझीलचा, पण वाढला मार्गारिटावर. व्यावसायिक विंडसर्फर्सच्या संघटनेच्या, म्हणजे पीडब्ल्यूएच्या फ्रीस्टाइलचा जागतिक किताब त्याने २००३, २००४ आणि २००५ असा सलग तीन वर्षं जिंकला. २००६ साली तो त्याच्याकडून गेला. कुणाकडे? त्याच किनाऱ्यावरच्या, चार वर्षांनी लहान पोराकडे. गोयितो तेव्हा १७ वर्षांचा होता. आपण १७ व्या वर्षी काय करत होतो ते आठवायला नको. मी बारावीच्या क्लासमधल्या मागच्या बाकावर होतो.

२००७ ही त्याचंच. २००८ मध्ये ब्राझीलचा मार्सिलिओ ब्राउन मध्ये आला. २००९ आणि २०१० पुन्हा गोयितो.

त्याचं वेगळेपण काय होतं? कसरती तर सगळेच टॉपचे खेळाडू करतात. पण गोयितोचं बघताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे वेग कमी होत नाही. बाकीचे एक कसरत करतात, सावरतात, वेग घेतात, मग दुसरी. हा एकीतून सरळ दुसरीत जातो. दुसरी गोष्ट उंची. पंचांना नियमांचं पुस्तक वाचावं लागतं, पण किनाऱ्यावर आइस्क्रीम खात उभ्या असलेल्या जर्मन आजीला नियम माहीत नसतात. तिला उंची कळते. जर्मनीत सिल्ट बेटावरच्या स्पर्धेला लाखाच्या घरात लोक जमतात, त्यातल्या बहुतेकांना व्हल्कन आणि स्पॉकमधला फरक सांगता येणार नाही. त्यांना मान वर करायला लावणारा खेळाडू हवा असतो. गोयितो तो होता. पंच आणि आजी, दोघांनाही एकाच वेळी खूश करणं फार थोड्यांना जमतं. (आमच्यात क्लायंट आणि आर्किटेक्ट दोघांना खूश करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.)

या स्पर्धांची पद्धतही मजेशीर आहे. तिला डबल एलिमिनेशन म्हणतात. एकदा हरलात की बाहेर नाही. हरलेल्यांची दुसरी शिडी लागते आणि तिथून एकेक सामना जिंकत तुम्ही वर चढू शकता. अगदी वर पोचलात तर पहिल्या शिडीचा विजेता तुमची वाट बघत असतो. त्याला एकदा हरवलंत तरी भागत नाही, कारण त्याचा हा पहिलाच पराभव. त्यामुळे लगेच दुसऱ्यांदा हरवावं लागतं. कारण साधं आहे. वारा अन्याय करतो. तुमच्या सहा-सात मिनिटांत नेमका वारा पडला तर तुम्ही जगात भारी असून उपयोग नाही. म्हणून नियमातच दुसरी संधी आहे. हे मला फार आवडलं. आयुष्याचं अपडेट कधी आलं तर हे फीचर त्यात असावं.

गोयितोला दुसरी शिडी चढावी लागली ती मात्र स्पर्धेत नाही, कारकिर्दीत. २०११ मध्ये किताब बेल्जियमच्या स्टीव्हन व्हान ब्रुकहोव्हनने नेला. २०१३ मध्ये बोनेअरच्या किरी टोडेने. (रोमन लिपीत हे आडनाव आपल्याला 'थोडे' दिसतं. थोडे म्हणता म्हणता त्याने बरंच केलं.) मधला २०१२ चा गोयितोने परत मिळवला, पण तीन वर्षांत त्याच्या नावावर त्या एकाचीच भर पडली. फ्रीस्टाइल हा गुडघ्या-घोट्यांचा आणि पोरसवदा वयाचा खेळ. तोपर्यंत कसरतींची पुढची आवृत्ती आलेली असते आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं ती करत असतात. चोविशीत तुम्ही 'सीनियर' होता. आयटीसारखंच.

इथे जरा बोनेअरकडे वळू, कारण तिथली गोष्ट समांतर चालली होती. बोनेअर म्हणजे जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं बेट. आपल्याकडच्या एका मोठ्या टाउनशिपएवढं. तिथल्या लाक बे या उथळ खाडीत एल्व्हिस मार्टिनस, पातुन सारागोसा अशा आधीच्या पिढीने वाट पाडली आणि मग टाँकी आणि टाटी फ्रान्स हे भाऊ, किरी टोडे, अशी रांगच लागली. शेजारच्या अरुबातून सारा-किता ऑफरिंगा आली. २००८ मध्ये तिने महिलांच्या फ्रीस्टाइलचा जागतिक किताब जिंकला आणि पुढे सगळे प्रकार मिळून तिचे किताब डझनावर गेले.

आणि या सगळ्यांच्या आधी एक यान बूर्समा होता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगचं रौप्यपदक त्याने नेदरलँड्स अँटिल्ससाठी जिंकलं. न्यूझीलंडचा ब्रूस केंडल पहिला, हा दुसरा. अँटिल्सचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. आणि शेवटचंही, कारण १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिल्स ही रचनाच विसर्जित झाली. कुरासाव आणि सेंट मार्टिन नेदरलँड्सच्या राज्यांतर्गत स्वायत्त देश झाले, बोनेअर नेदरलँड्सची खास नगरपालिका झालं. पदक राहिलं, देश गेला. पदकतालिकेत ती एक ओळ आता कायमची एकटी उभी आहे.

गोयितोला तेही शक्य नव्हतं. ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आहे, पण ते शर्यतींचं. फ्रीस्टाइल ही पदकाची स्पर्धा म्हणून ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हती. ऑलिंपिक नाही म्हणजे सरकारी कोटा नाही, नोकरी नाही, देशाच्या पोस्ट तिकिटावर फोटो नाही. खेळाचं पोट चालतं ते मुख्यतः फळ्या आणि शिडं बनवणाऱ्या कंपन्यांवर. तो 'फॅनॅटिक' कंपनीच्या फळ्या वापरायचा. कंपनीला हवं असतं की तुम्ही जिंकावं, फोटोत दिसावं, आणि जर्मनीतल्या एखाद्या दंतवैद्याने तुमच्याकडे बघून नवीन फळी घ्यावी. त्यात भर म्हणजे नव्वदच्या दशकापासून हा खेळ आधीसारखा लोकप्रिय राहिला नव्हता. आधी सामान फार गुंतागुंतीचं झालं, मग काइटसर्फिंग आलं आणि नवीन लोक तिकडे वळले. म्हणजे छोटू जगज्जेता झाला तो एका आकसत चाललेल्या जगाचा.

आणि त्याच वेळी त्याचा देश कोसळत होता.

आता तारखा जरा शेजारी-शेजारी ठेवून बघू. २००३ च्या फेब्रुवारीत चावेझ सरकारने परकीय चलनावर नियंत्रण आणलं. त्याच वर्षी कांपेयोचा पहिला किताब. पुढची काही वर्षं तेलाचे भाव चढत गेले, पैसा खेळत होता. २००६ आणि २००७, गोयितोचे पहिले दोन. २००८ च्या सुरुवातीला बोलिव्हार या चलनावरून तीन शून्यं उडवली. २०१३ मध्ये चावेझ गेला, मादुरो आला. २०१४ च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली. दुकानांत पीठ नाही, औषधं नाहीत. विमान कंपन्यांचे पैसे अडकले आणि त्या एकेक करून निघून गेल्या. २०१६ मध्ये लुफ्तान्झाने कराकसची सेवा थांबवली. ज्या जर्मन प्रवाशांच्या जिवावर एल याकेची केंद्रं उभी राहिली होती, त्यांचं येणंच अवघड झालं. २०१८ मध्ये आणखी पाच शून्यं गेली, आणि त्या वर्षी महागाईचा दर १० लाख टक्क्यांवर जाईल असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज होता. (२०२१ मध्ये आणखी सहा शून्यं उडाली. एकूण चौदा. आपण इंटिजर ओव्हरफ्लोबद्दल पुस्तकात वाचतो, तिथल्या बँकांच्या प्रोग्रामर्सनी तो जगला असेल.) सत्तर लाखांहून जास्त लोकांनी आतापर्यंत देश सोडला.

आणि या काळात गोयितोने काय केलं? २०१४ चा किताब जिंकला. २०१५ चा हुकला. मग २०१६. २०१७. २०१८. पाच वर्षांत चार. देशाची सगळ्यात वाईट पाच वर्षं आणि त्याची ही चांगली पाच वर्षं एकच आहेत. एकूण नऊ. पहिला १७ व्या वर्षी, नववा २९ व्या. कांपेयोचे तीन मिळवले तर २००३ ते २०१८ या सोळा वर्षांतले बारा किताब एका किनाऱ्यावर वाढलेल्या दोन पोरांचे. २०१९ मध्ये बेल्जियमचा येंटेल कार्स जिंकला आणि ते पर्व संपलं.

आता खरा प्रश्न. ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

अशी कारकीर्द बघितली की आपण दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. एक म्हणजे 'जिद्द असली की काहीही होतं'. दुसरं म्हणजे 'नशीब बघा, असल्या किनाऱ्यावर जन्माला आला'. कॅम्पस इंटरव्ह्यूबद्दलही आपण असंच बोलतो. ज्याला मिळाली तो म्हणतो मेहनत, ज्याला नाही मिळाली तो म्हणतो कॉलेजचं नाव.

मला दोन्ही अपुरी वाटतात. तो वारा काही कांपेयोच्या जन्माबरोबर सुरू झाला नाही. तोच वारा, तेच उथळ पाणी पाचशे वर्षांपूर्वीही होतं, आणि तेव्हा त्या समुद्रात उतरणारी पोरं मोत्यांसाठी बुड्या मारून मरत होती. नुसती जागा पुरत नाही. जिद्दही पुरत नाही, कारण जिद्द असलेलं पोर फळी नसेल तर मासेच पकडतं. या दोन्हींच्या मध्ये एक साधी गोष्ट लागते. गावात पडून असलेलं सामान, आणि 'घे, चालव तासभर' म्हणणारं कोणीतरी. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं युरोपचं वेड, स्वस्त विमानप्रवास आणि एक कोळीवाडा यांच्या योगायोगातून ते तयार झालं. कोणीही ते 'प्रतिभा शोध योजना' म्हणून आखलं नव्हतं.

आणि जे कोणी आखलेलं नसतं ते जाताना कोणाच्या लक्षातही येत नाही. विमान बंद झालं की पाहुणा बंद. पाहुणा बंद झाला की नवी फळी येत नाही, आणि नवी आली नाही की जुनी पोरांपर्यंत उतरत नाही. गोयितोने त्या पाच वर्षांत चार किताब जिंकले ते त्याच्या आत आधीच भरलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या सरावावर. त्याच पाच वर्षांत जी पोरं आठ-नऊ वर्षांची होती त्यांच्यासाठी तो सराव भरायची सोय दर वर्षी आक्रसत होती. जगज्जेता कोण हे आपल्याला यादीत दिसतं. कोण होऊ शकला असता ते कुठल्याच यादीत नसतं. शेजारच्या बोनेअरवर विमानं येत राहिली, खाडीतली केंद्रं चालू राहिली, आणि तिथून नवी पोरं येत राहिली. वारा दोन्हीकडे तोच. फरक किनाऱ्यामागच्या जमिनीवर होता.

कुबाग्वाचे मोती आठवतात? तिथे माणसं संपली, शिंपले संपले आणि मागे भिंती उरल्या. एल याकेत निदान बारा किताब उरले, आणि वारा तर कोणालाच घेऊन जाता येत नाही. त्यामुळे मी आशा सोडलेली नाही. चार केंद्रं, काही फळ्या आणि 'घे, चालव' म्हणणारं कोणी. बारा किताबांच्या मानाने ही फार मोठी मागणी नाही.

असो. परवा सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनचा मुलगा माझ्या सायकलकडे बघत उभा होता. गेले दोन महिने बघतोय. मी गेले दोन महिने कुलूप नीट लागलंय ना, एवढंच तपासून वर जातोय. या शनिवारी सकाळी त्याला किल्ली दिली. सीट बरीच खाली करावी लागली. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा गुडघा खरचटला होता आणि तोंडभर हसू होतं. म्हणाला, "काका, उद्या पण?"

म्हटलं, उद्या पण.